कोकणातून इमॅजिकाला पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्षिक परीक्षा संपत आल्या की विचारणा सुरू होते. पोरांना त्या खोपोलीच्या पार्कात न्यायचंय, कसं जमवायचं? इंटरनेटवर माहिती भरपूर आहे, पण ती जवळजवळ सगळी मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी लिहिलेली: सकाळी निघा, एक्स्प्रेस वे पकडा, रात्री घरी. आपलं गणित तसं नाही. आपला जाण्यातच एक दिवस जातो, सोबत आजी असते, आणि मुलांना सुट्टी लागते तेव्हाच नेमका आंबा उतरायचा असतो. तेव्हा खालची उत्तरं रत्नागिरी, चिपळूण, दापोली, गुहागर आणि खाली सावंतवाडीपर्यंतच्या घरांसाठी.

नेमकं आहे काय तिथे? जत्रेतल्या पाळण्यांपेक्षा वेगळं काय?

खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला हे पार्क आहे. म्हणजे जिल्हा रायगड. तसं पाहिलं तर आपण कोकणातून कोकणातच जातो. २०१३ मध्ये ते अॅडलॅब्ज इमॅजिका या नावाने सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं, मग हॉटेल आणि स्नो पार्क. २०२२ पासून ते मालपाणी समूहाकडे आहे. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क ही तीन वेगळी ठिकाणं आणि तिकिटंही वेगळी, हे आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. 'आत गेलो की सगळं आलं' असं समजून गेलेल्या मुलांची समजूत दारात काढत बसावी लागते.

जत्रेत पाळणा म्हणजे पाळणा. इथे प्रत्येक राइडला एक गोष्ट आहे. अलीबाबाच्या गुहेत चोरांवर नेम धरायचा, सलीमगडावर भुतांना भेटायचं, होडीत बसून डायनासोरांच्या जंगलातून जायचं आणि शेवटी पाण्यात दणकन उतरायचं. त्या होडीच्या राइडमधला राजासॉरस हा खरोखरचा भारतीय डायनासोर आहे. गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात राहिओलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. पोरांना रांगेत उभं असताना हे सांगा, दहा मिनिटं तरी निघतात.

आता चाळिशीत असलेल्यांच्या डोक्यात थीम पार्क म्हणजे शाळेच्या सहलीला गोराईच्या बोटीतून गाठलेलं एस्सेलवर्ल्ड असतं. ते २०२२ मध्ये बंद झालं.

कधी जावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरागणिक बदलतं.

मे महिन्यात सगळी मुंबई आणि सगळं पुणे सुट्टीवर असतं. पार्कात रांगा, डोक्यावर ऊन, आणि आपल्याकडे आंब्याची काढणी, पेट्या भरणं, चाकरमान्यांचं येणं. ज्यांची बाग आहे त्यांनी मेचा विचारच सोडावा. दिवाळीच्या सुट्टीत भात घरात आलेलं असेल तर जमतं, पण भाऊबीजेनंतरचे चार-पाच दिवस अख्खा महाराष्ट्र बाहेर पडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम. मात्र त्या दिवसांत शाळांच्या सहली येतात आणि एकेक शाळा चार-चार बस भरून येते.

मला विचाराल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट, आणि तोही मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. मुलांचे दोन दिवस शाळेचे बुडतील. बुडू देत. पाचवी-सहावीपर्यंतच्या मुलाचं त्याने काही बिघडत नाही, आणि शनिवारी जेवढ्या राइड होतील त्याच्या जवळजवळ दुप्पट बुधवारी होतात. दहावीचं पोर घरात असेल तर अर्थात बोर्डाची परीक्षा होऊ द्या. मग मार्चअखेर, शिमग्याची पालखी घरी येऊन गेल्यावर, कडक ऊन वाढायच्या आत.

दुसरा बरा काळ म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे. शाळा साधारण १५ जूनला उघडतात, लोकांची सुट्टी संपत आलेली असते, आंबा आटोपलेला असतो. पाऊस मात्र कधीही गाठेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एका दिवसात जाऊन येता येईल का?

रोहा, माणगाव, महाडकडचे असाल तर हो. खेडच्या खाली राहत असाल तर नाही. 'पहाटे तीनला निघू, रात्री दोनपर्यंत घरी' असं म्हणणारा घरातला एक काका असतो. त्याचं ऐकू नका. गाडी चालवणारा माणूस दिवसभर उन्हात उभा राहून रात्री परत महामार्गावर गाडी चालवणार, ही कल्पनाच वाईट आहे.

आदल्या दिवशी जेवून निघा, संध्याकाळी पोहोचा, झोपा. दुसरा दिवस पूर्ण पार्कात. त्या रात्रीही तिथेच राहा. तिसऱ्या दिवशी निवांत परत. दोन रात्रींचा खर्च वाटतो तेवढा वाया जात नाही, कारण तिकिटाचे पैसे वसूल होतात ते ताज्या पायांनी.

स्वतःच्या गाडीने जायचं तर रस्ता कोणता?

मुंबईचे लोक सांगतात म्हणून पनवेलपर्यंत वर जाऊन एक्स्प्रेस वेने उलटे येऊ नका. आपल्याला त्याची गरज नाही. मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड ओलांडून वाकण फाट्याला आलात की उजवीकडे पालीचा रस्ता लागतो. पालीवरून तोच रस्ता खोपोलीला जातो आणि खोपोली यायच्या आधीच पार्क लागतं. एक्स्प्रेस वेचा टोल नाही, धावपळ नाही. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, वळणं आहेत, अंधारात नवख्या माणसाने जपून चालवावा. म्हणून पाली उजेडात गाठा.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा पूर्वीसारखा अंगावर येत नाही. खरी अडचण माणगाव-इंदापूरच्या बाजारपेठेत होते. शनिवारी सकाळी मुंबईहून खाली येणाऱ्या गाड्या आणि रविवारी दुपारनंतर वर जाणाऱ्या गाड्या, यांच्यामध्ये सापडू नका. आपण मधल्या वारी गेलो तर हा प्रश्नच उरत नाही.

मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडून रस्त्याने येणाऱ्यांचा अख्खा दिवस प्रवासात जाईल. त्यांनी रेल्वेचाच विचार करावा.

रेल्वेने किंवा एसटीने कसं जमवायचं?

कोकणातून मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. तिथे उतरा आणि पुढे टॅक्सी करा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. तारीख ठरली की मोजून त्या सकाळी तिकीट काढा. पावसाळी वेळापत्रकात, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात, हेही पाहून घ्या.

खोपोलीला लोकल जाते, खरं आहे. पण ती कर्जतहून. त्यासाठी ठाण्याला उतरून, सामान आणि मुलं घेऊन, खोपोली किंवा कर्जत लोकल पकडावी लागते. दोन तरुण असतील तर ठीक. कुटुंबाने पनवेलच धरावं. आणखी एक: एक्स्प्रेस वेवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे, त्यामुळे पनवेलला कुणी रिक्षावाला 'सोडतो की' म्हणाला तर तो जुन्या महामार्गानेच नेणार, वेळ जास्त लागणार.

रात्रीच्या गाडीने पहाटे पनवेलला उतरून थेट पार्कात जायचा बेत बरेच जण करतात. मुलं दुपारी दोनला झोपतात, आणि मग आई त्यांना मांडीवर घेऊन बाकावर बसून राहते. आधी मुक्कामी जा.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आजीचं आधार कार्ड सोबत असू द्या. वाडीतली पाच-सहा घरं मिळून जाणार असाल तर आगारात नैमित्तिक कराराच्या, म्हणजे अख्खी भाड्याने मिळणाऱ्या, बसची चौकशी करा. खासगी टेम्पो ट्रॅव्हलरच्या भावाशी ताडून पाहा आणि मगच ठरवा.

राहायचं कुठे?

पार्काला लागूनच नोव्होटेल आहे, २८७ खोल्यांचं. सोय अशी की दुपारी कुणी दमलं तर खोलीवर जाऊन पडता येतं, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर ही सोय खरोखर मोलाची आहे. स्वस्त नाही. कधीकधी खोली आणि पार्कचं तिकीट एकत्र मिळतं. ते सुटं घेतल्यास किती पडेल हे कागदावर मांडून पाहा.

खोपोलीत लॉज आणि साधी हॉटेलं आहेत. मोठं कुटुंब असेल तर आसपासची फार्महाऊस परवडतात, पण तिथे जेवणाचं काय ते आधी नक्की करा. आपल्या माणसांना सगळ्यात रुचणारा पर्याय म्हणजे पाली. देवस्थानचं भक्तनिवास आहे, शाकाहारी जेवणाच्या खाणावळी आहेत, आणि आजीला सकाळची काकड आरती मिळते. फक्त माघी गणेशोत्सव, भाद्रपद आणि अंगारकीच्या आसपास पालीला खोली मिळेल ही आशा ठेवू नका.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी होईल?

होतं, पण दोन्ही अर्धवट होतात. राइड सुरू होतात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, आणि वॉटर पार्क संध्याकाळी लवकर मिटतं. मधला वेळ कपडे बदलण्यात जातो. एकच दिवस असेल तर एकच निवडा. समुद्र आपल्या दारात आहे, पोरं विहिरीत उड्या मारून मोठी झालीत. त्यांना थीम पार्क दाखवा.

वॉटर पार्क घेतलंच तर दोन गोष्टी. सुती कपडे, साडी, सलवार-कमीज पाण्यात चालत नाही, नायलॉनचा पोहण्याचा पोशाखच लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो, पण घरून नेलेला बरा. आणि पोरगं पोहायला पटाईत असलं तरी लाटांच्या तलावात त्याच्या हाताच्या अंतरावर राहा. विहिरीत तो एकटा असतो, इथे त्याच्या अंगावर दुसरी वीस माणसं येतात.

तिकीट आधी काढावं की दारात?

आधी, आणि पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. दर तारखेप्रमाणे बदलतो. सुट्टीच्या दिवशी जास्त, मधल्या वारी कमी. परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांसाठी, कधी ज्येष्ठांसाठी सवलत निघते. त्यासाठी ओळखपत्र मूळ लागतं, फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका. व्हॉट्सॅपवर 'अर्ध्या किमतीत पास' म्हणून फिरणाऱ्या लिंकवर पैसे पाठवू नका.

रांग टाळायचं महागडं एक्स्प्रेस तिकीटही असतं. मधल्या वारी त्याची गरज नाही. मेच्या शनिवारीच अडकला असाल तर मात्र ते घ्या, कारण एवढ्या लांबून येऊन चार राइड करून परतणं जास्त महाग पडतं.

आजी-आजोबांना न्यावं का?

न्यावं. पण त्यांना काय मिळणार हे आधी ठरवून. 'तू इथे पिशव्या सांभाळत बस' यासाठी कुणाला रत्नागिरीहून आणू नये.

बसून पाहण्यासारखं बरंच आहे. 'आय फॉर इंडिया'मध्ये मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि देशावरून उडत गेल्यासारखं दिसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ते झेपतं. लहान मुलांच्या संथ राइड, संध्याकाळची परेड, कार्यक्रम. तरीही दिवसभरात चालणं पुष्कळ होतं. घरी अंगणात जेवढं चालतात त्याच्या कितीतरी पट. दारात चाकाच्या खुर्चीची चौकशी करा, संकोच करू नका.

हृदयविकार, रक्तदाब, पाठीचा किंवा मणक्याचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर मोठ्या राइड वर्ज्य. 'मला काही होत नाही' असं म्हणणाऱ्या आजोबांचं ऐकू नका.

मुलं किती मोठी असावीत?

वयापेक्षा उंची पाहतात. तिकिटाचा दरही आणि राइडवर घेणं-न घेणंही. निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीला उभं करून, चपलेशिवाय, पोराची उंची मोजा आणि संकेतस्थळावरची प्रत्येक राइडची अट त्याच्यासोबत वाचा. मोठ्या रोलर कोस्टरला साधारण साडेचार फूट लागते असं धरून चला. दोन बोटं कमी पडली म्हणून दारातून परत यावं लागलं तर त्या मुलाचा पुढचा सगळा दिवस रडण्यात जातो, आणि दारावरचा माणूस नियम मोडत नाही. मोडूही नये. खांद्यावरून येणारा तो पट्टा ठरावीक अंगकाठीसाठीच बनवलेला असतो.

तीन वर्षांखालच्या बाळासाठी म्हणून ही सहल काढू नका. त्याला फुगा आणि कारंजं पुरतं. मोठ्या भावंडासाठी जाणार असाल आणि बाळ सोबत असेल तर आई-बाबांनी आलटून-पालटून राइड घ्यायच्या. परदेशातल्या मोठ्या पार्कांत यासाठी 'रायडर स्विच' नावाची सोय असते, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. इथेही राइडच्या दारावर विचारून पाहा.

सगळ्यात चांगलं वय आठ ते बारा.

पोरगं ऐनवेळी घाबरलं तर?

तर ते उतरलं. विषय संपला. 'एवढे पैसे भरले' आणि 'बघ, ती मुलगी तुझ्यापेक्षा लहान आहे' ही दोन वाक्यं त्या दिवसापुरती घरी ठेवून या. बहुतेक राइडला चढण्याच्या जागेवरूनच बाहेर जाण्याचा मार्ग असतो, आणि रांगेतून परत फिरणारं तुमचं मूल पहिलं नसतं. सुरुवात लहान राइडपासून करा. दुपारनंतर तेच मूल स्वतःहून मोठ्या राइडचं नाव काढतं. नाही काढलं तर नाही.

भुतांची राइड आणि 'डीप स्पेस' हा अंधारातला रोलर कोस्टर या दोन्हींबद्दल आधी सांगून ठेवा. काही मुलांना उंची चालते, अंधार नाही.

मला गाडी लागते. मी काय करू?

आंबा घाटात, कुंभार्लीत ज्यांना पिशवी हातात धरून बसावं लागतं त्यांनी हे नीट वाचा. नवल वाटेल, पण गाडी लागणाऱ्यांना रोलर कोस्टरपेक्षा पडद्यासमोरच्या हलत्या खुर्च्यांचा त्रास जास्त होतो. डोळे म्हणतात आपण वेगाने निघालोय, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच तर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. अशा राइडमध्ये त्रास होऊ लागला तर डोळे मिटून घ्या. रोलर कोस्टरवर उलट डोळे उघडे ठेवा, डोकं मागच्या उशीला टेकवा आणि पुढच्या रुळाकडे पाहा.

प्रवासासाठी नेहमीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून आधी घ्या, मळमळू लागल्यावर नाही. तिने गुंगी येते हे लक्षात असू द्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि पोटभर जेवून लगेच तर मुळीच नाही.

राइड मध्येच थांबली तर? सुरक्षित असतं का हे?

आज्या हा प्रश्न विचारतात आणि बरोबरच विचारतात.

रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. बहुतेक ठिकाणी साखळी तिला उंचावर ओढून नेते, पुढचं सगळं काम उतार करतो. इमॅजिकाची 'नायट्रो' ही साधारण १३२ फूट चढते आणि ताशी १०५ किलोमीटरपर्यंत वेग घेते, तो निव्वळ त्या उंचीच्या जोरावर. चढताना जो खटखट आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांचा. तो आवाज म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजून लोक देवाचं नाव घेतात.

मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी फलाटावरून हलली नाही, एखाद्या पट्ट्याचा संकेत आला नाही, की मागची आपोआप अडवली जाते. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी येऊन जाईपर्यंत आपली गाडी अंजनीला किंवा विलवड्याला उभी करून ठेवतात, तसंच हे. उभं राहणं कंटाळवाणं असतं, पण ती यंत्रणा आपलं काम करत असते. अशा वेळी पट्टा सोडवायचा प्रयत्न करायचा नाही, कर्मचारी येईपर्यंत बसून राहायचं. बहुतेक वेळा थोड्या वेळाने गाडी पुढे निघते.

बसल्यावर पट्टा स्वतः ओढून पाहा आणि मुलाचाही पाहा. तपासणारा आला नाही तर हात वर करून बोलवा.

दिवसाचा क्रम कसा लावावा?

दार उघडायच्या अर्धा तास आधी तिथे असा. दारातून आत आल्यावर सगळे फोटो काढत थांबतात. तुम्ही थांबू नका. घरातल्या धाडसी मंडळींनी सरळ मोठ्या कोस्टरकडे जावं, कारण तिथली रांग अकरानंतर जी वाढते ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. बाकीच्यांनी तोवर छोट्या राइड कराव्यात. भेटायची एक जागा आणि वेळ ठरवा. गर्दीत फोनची रिंग ऐकू येत नाही.

दुपारी बारा ते तीन उन्हात फिरू नका. त्या वेळेत छताखालच्या राइड आणि पडद्याचे खेळ. जेवण बाराच्या आत किंवा अडीचनंतर. पाण्यात भिजवणारी राइड तीन-साडेतीनला घ्या, म्हणजे अंधार पडेपर्यंत कपडे वाळतात. परेडच्या वेळी सगळे रस्त्याच्या कडेला उभे असतात, तेव्हा राइडच्या रांगा ओसरतात. ज्यांना परेडचं कौतुक नाही त्यांनी ती वेळ साधावी.

सगळ्या राइड होणार नाहीत. आदल्या रात्री प्रत्येकाने आपल्या दोन-तीन निवडून सांगायच्या, आणि त्या सगळ्यांच्या झाल्या की दिवस भरला असं मानायचं.

डबा नेता येतो का?

आत नाही. बाहेरचं खाणं दारात काढून ठेवायला लावतात. लहान बाळाचं खाणं आणि औषधं सोडतात. म्हणजे घावणे आणि चटणी गाडीत संपवा, अगदी दारापर्यंत. आत सगळं मिळतं, भाव आतले असतात. मासे मिळतील या आशेवर मात्र कुणी राहू नये. बाहेर आल्यावर खोपोलीत रमाकांतचा वडापाव आहे, जुन्या महामार्गाने जाणारे थांबून खातात.

रिकामी बाटली जवळ ठेवा आणि आत भरून घेता येते का ते पाहा. उन्हात लिंबू-मीठ-साखर किंवा साधी ओआरएसची पुडी कामी येते.

कपडे, चपला, दागिने?

सुती, सैल, लवकर वाळणारे. साडीपेक्षा सलवार-कमीज सोपं जातं. ओढणी मात्र लॉकरमध्ये. 'नायट्रो'ला पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळतात, त्यामुळे स्लिपर उडून जाते. मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट.

मंगळसूत्राबद्दल सगळ्याजणी दबक्या आवाजात विचारतात. लांब असेल तर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यात अडकतं, छातीला रुततं. त्या दिवसापुरतं छोटं घाला, नाही तर आत घालून वर सेफ्टी पिन लावा. सोन्याच्या बांगड्या, कानातले झुमके घरीच. चष्मा, कानाचं यंत्र आणि आजोबांची कवळी हे मोठ्या राइडच्या आधी काढून सोबतच्या माणसाकडे द्यायचं. कवळीबद्दल हसू येईल, पण शोधायला गेलं तर सापडत नाही.

पावसात गेलं तर चालतं?

मुंबईकर पावसात खोपोलीचे धबधबे पाहायला येतात. आपल्याला पावसाचं तेवढं अप्रूप नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने तिथे आपल्यासारखाच कोसळतो. विजा चमकत असतील किंवा वारा असेल तर उंचावरच्या राइड बंद ठेवतात, आणि तेच योग्य. आतल्या राइड चालू राहतात. फायदा एकच: जुलैतल्या मधल्या वारी रांगा अगदी तुरळक असतात. तेवढ्यासाठी जायचं असेल तर छत्री नको, रेनकोट घ्या, आणि महामार्गाची आणि रेल्वेची स्थिती सकाळी पाहूनच निघा.

पाली आणि महड एकत्र होईल का?

होईल, आणि करावंच. अष्टविनायकांतले रायगडमधले दोन्ही गणपती पार्कच्या दोन बाजूंना आहेत: पालीचा बल्लाळेश्वर वाटेवरच, आणि महडचा वरदविनायक खोपोलीच्या पुढे थोडा. नकाशात शोधताना महड टाका. महाड टाकलंत तर गाडी तुम्हाला परत खाली घेऊन जाईल. पालीला आधी धुंडीविनायकाचं दर्शन घेऊन मग बल्लाळेश्वराचं घ्यायची रीत आहे. पालीजवळ उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत, पाय दुखत असतील तर परतीच्या सकाळी तिकडे वळा.

पार्कच्या दिवशी सकाळी दर्शन उरकायचा मोह टाळा. जातानाच्या संध्याकाळी किंवा परतताना.

एकूण खर्च किती धरावा?

तिकिटांची बेरीज झाली की लोकांना वाटतं झालं. प्रवास, दोन रात्री, आतलं जेवण, लॉकर, पार्किंग, राइडवर आपोआप निघालेला फोटो आणि शेवटी दुकान, यांची बेरीज तिकिटांइतकी तरी होतेच. चौघांचं घर असेल तर तिकिटांच्या दुप्पट-अडीचपट रक्कम हाताशी ठेवा. मुलांना दुकानासाठी ठरावीक पैसे आधीच हातात द्या. ते स्वतःच भाव विचारून बाहेर येतात.

यापेक्षा थेट सिंगापूर किंवा हाँगकाँगच का नको?

भारतात डिस्नेलँड नाही. जवळचं म्हणजे हाँगकाँगचं, २००५ मध्ये उघडलेलं. आणि सिंगापूरला सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज. तिथली भव्यता वेगळी, हे मान्य. पण सगळ्यांचे पासपोर्ट, सिंगापूरचा व्हिसा किंवा हाँगकाँगची आगाऊ नोंदणी, विमानतळापर्यंतचा प्रवास, हे सगळं पहिल्यांदाच करत असाल तर खर्च काही पटींनी वाढतो. आपल्या मुलाला रांगेत उभं राहणं जमतं का, आपल्याला दिवसभर चालणं जमतं का, हे आधी खोपोलीला पाहा.

मुंबईचे नातेवाईक म्हणतात आम्हीही येतो. त्यांच्यासोबत जावं का?

अवश्य. डोंबिवली-कल्याणवाल्यांना पार्क जवळ पडतं, ते सकाळी येऊन थेट दारात भेटू शकतात. एरवी ते मेमध्ये आणि गणपतीत आपल्याकडे येतात, एकदा असंही होऊ दे. फक्त तिकिटं ज्याची त्याने काढावीत आणि तारीख तुम्ही ठरवावी, नाही तर त्यांना रविवारच सोयीचा असतो.

परत कधी निघावं?

तिसऱ्या दिवशी न्याहारी करून, नऊच्या आत. चिपळूणपर्यंत दुपारच्या जेवणाला पोहोचता. मुलं वाटेत झोपतात. गाडी चालवणाऱ्याशेजारी जागं राहणारं एक माणूस बसवा.